बावड्यातला पूर्वपक्ष

कोल्हापूरला लोक अंबाबाईसाठी जातात, चपलांसाठी जातात, रश्श्यासाठी जातात. मी तेराव्या शतकातल्या एका इटालियन संन्याशासाठी गेले. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला हे सांगायचं काही कारण नव्हतं, पण त्यानंच विचारलं. कुठं जायचंय एवढ्यावर तिथं भागत नाही. कुणाकडं, कशाला, आणि जेवून आलात की जाऊन जेवणार, हेही सांगावं लागतं. मी म्हटलं, कसबा बावडा, चौगुले सरांकडे, त्यांनी एका जुन्या ख्रिस्ती संन्याशाच्या ग्रंथाचं मराठी केलंय त्यासाठी.

"मग सरळ पावण्याकडं आलोय म्हना की," तो म्हणाला आणि रिक्षा सुरू केली.

त्या संन्याशाला बावड्यात सगळे 'पावणं', म्हणजे पाहुणा, म्हणतात, हे मला असं कळलं. मी नागपूरच्या एका महाविद्यालयात आयुष्यभर पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवलं, पण माझ्या कॉलेजच्या परिसरातल्या एकाही रिक्षावाल्याला एकही मध्ययुगीन धर्मचिंतक ठाऊक झाल्याचं मला स्मरत नाही.

पावण्याचं खरं नाव वाल्दोराचा मात्तेओ. ऐकलेलं नसेल तर लाजायचं कारण नाही, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. भिक्षेवर जगणाऱ्या एका कॅथलिक संघातला हा माणूस पॅरिसला शिकला, तिथंच शिकवू लागला. लिहिलं भरपूर, असं म्हणतात. राहिलं थोडं. काही प्रवचनं, तीही विद्यार्थ्यांनी ऐकता ऐकता उतरून घेतलेली, आणि न्याय व दया या विषयावरचा एक ग्रंथ, तोही अपुरा. बाकीचं लेखन कुणी जाळलं नाही, कुणी बंदी घातली नाही. फक्त नकलून घेण्याजोगं ते कुणाला वाटलं नाही. छपाई नसलेल्या काळात तेवढं पुरत असे. आज त्याचं उपलब्ध लेखन एका खंडात मावतं आणि त्यातलाही अर्धा भाग तळटीपांचा आहे.

त्याच्या वरिष्ठांची तक्रार होती की तो विरोधकांशी फार चांगला वागतो. त्या काळच्या ग्रंथांची रीत अशी की आधी प्रश्न मांडायचा, मग प्रतिपक्षाचे आक्षेप एकापाठोपाठ एक लिहायचे, आणि शेवटी 'उत्तर असे की' म्हणून आपलं म्हणणं. आपल्या शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ज्यांनी वाचलाय त्यांना हे नवं वाटणार नाही. बाकीचे पंडित आक्षेप लिहायचे ते पाडण्यापुरते, पोकळ. मात्तेओ प्रतिपक्षाची बाजू इतकी नीट मांडायचा की, आख्यायिका अशी आहे, ज्यांना चर्चनं पाखंडी ठरवलं होतं तेसुद्धा आपलं मत नेमकं काय आहे हे ऐकायला त्याच्या वर्गात माणसं पाठवत. विरोधकाला दुबळा करून हरवलं तर आपण फक्त स्वतःच्या कल्पनेला हरवलेलं असतं, अशी त्याची धारणा. मी काही भाविक नाही. पण असा भाविक भेटला तर त्याच्या शेजारी बसायला मला आवडेल.

शुक्रवार, कसबा बावडा

बावड्यात शिरताना आधी वास येतो. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, आणि मळीचा गोड, आंबूस वास हवेत असा बसला होता की थोड्या वेळानं तो वास आहे हेच विसरायला होतं. उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक उभ्या, प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर, प्रत्येक स्पीकरवर वेगळं गाणं. एका बाजूला उसाचे फड आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींच्या जाहिराती, ज्यांत गोरी कुटुंबं पोहण्याच्या तलावाकडे बघून हसत होती.

चौगुले सर फाटकात उभे होते. उंच, काटक, पांढरा सदरा. पेठ वडगावच्या शाळेत त्यांनी इंग्रजी शिकवलं आणि सेवानिवृत्तीच्या आधीपासूनच मात्तेओच्या नादी लागले. कोल्हापुरातल्या एका वृद्ध फादरांकडे ते लॅटिन शिकायला जात. फादर आता नाहीत. आमची ओळख पत्रांतून आणि फोनवरून झालेली. त्यांनी माझ्याकडे प्रस्तावना मागितली आणि मी ती मोठ्या उत्साहानं, भरपूर संदर्भांसह लिहिली होती. पुस्तकाचं प्रकाशन रविवारी होतं.

सरांनी हात पुढे केला तो माझ्या हाताच्या थोडा बाजूला. काचबिंदू. एका डोळ्याची नजर गेलेली, दुसऱ्यात उरलीय ती नळीतून पाहिल्यासारखी. फोनवर हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. गेली काही वर्षं ते सांगतात आणि त्यांच्या पत्नी सुशीला वहिनी लिहितात, हेही तिथं गेल्यावर समजलं.

"आलासा? दमला असशीला. बसा, मी च्या टाकतो," वहिनी म्हणाल्या.

नागपूरच्या कानाला हे पहिल्यांदा चमकवतं. कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी करतो' म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्याकडे यावर परिसंवाद झाला असता.

संध्याकाळी सर आणि वहिनी मला शेजारी दत्तोबांच्या गोठ्यावर घेऊन गेले. दत्तोबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत साचे करणारे मोल्डर होते. निवृत्त झाल्यावर म्हशी घेतल्या. कोल्हापुरात म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळून फेसाळ दूध तिथल्या तिथं प्यायची पद्धत आहे, आणि दत्तोबांच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी पेला हातात धरून वाद घालणारी मंडळी जमतात. मला भरलेला पेला देण्यात आला. आमच्या घरी दूध तीनदा उकळल्याशिवाय कुणी त्याच्याकडे बघतही नाही, त्यामुळे मी जरा थबकले.

"प्या ओ पावणं," दत्तोबा म्हणाले. "म्हशीनं काय केलं न्हाय तुम्हाला."

मी प्यायले. ओठावर फेसाची मिशी आली आणि ती तशीच ठेवून मी बराच वेळ गंभीर चर्चा केली, हे मला घरी आल्यावर आरशात दिसलं. सांगितलं कुणीच नाही.

त्या कट्ट्यावर माझ्या लक्षात आलं की मात्तेओचा प्रतिपक्ष कुठून आला. सरांच्या अनुवादाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातले आक्षेप. ते त्यांनी चक्क कोल्हापुरी बोलीत लिहिले होते. "मागितलीच न्हाय त्याला माफी द्यायची म्हंजे रस्त्यावर पेढं वाटल्यागत झालं की." नागपुरात हे वाचताना मी एकटीच हसले होते. हा आवाज दत्तोबांचा होता. सर मूळ ग्रंथातला आक्षेप त्यांना सांगत, दत्तोबा तो आपल्या तोंडानं पुन्हा मांडत, सर घरी येऊन लिहायला सांगत.

आणि दत्तोबांना त्या प्रश्नात रस होता तो उगाच नाही. गोठ्याच्या मागं विटांची एक भिंत आहे, अंगणाच्या मधोमध. पलीकडे त्यांचा थोरला भाऊ गणपा राहतो. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा थोरला फिरकला नाही. दिवसकार्याला मात्र आला आणि सगळ्यांच्या पुढं बसला. तेव्हापासून भिंत आहे आणि बोलणं नाही. वहिनींनी मला हे परतताना हळू आवाजात सांगितलं. हळू आवाज म्हणजे कोल्हापुरी हळू, भिंतीपलीकडेही गेला असणार.

शनिवार, मारुतीच्या देवळात

सकाळी रिक्षानं शहरात गेले. एका मिसळीच्या दुकानात बसले, तिथं कटाची वाटी संपायच्या आत पुन्हा भरली जाते आणि नको म्हटलेलं ऐकू जात नाही. आमच्या सावजी रश्श्याचं तिखट न सांगता येतं आणि मग जात नाही. इथला कट लालभडक, बघूनच धडकी भरते, पण खाल्ल्यावर कळतं की रागापेक्षा आवाजच मोठा आहे. पुढच्या दोन दिवसांत हे मत माणसांबद्दलही झालं.

परतल्यावर चौकातला फ्लेक्स पाहिला. वर ढगांमध्ये सरांचा फोटो, शेजारी एका भरघोस दाढीवाल्याचं चित्र, खाली 'भव्य प्रकाशन सोहळा' आणि त्याखाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग. मात्तेओच्या संघातले लोक दाढी करत, आणि त्याचं एकही चित्र उपलब्ध नाही. फ्लेक्सवाल्याला दाढीवाला कुठून मिळाला असं विचारलं तर तो म्हणाला, जुना माणूस म्हटल्यावर दाढी असणारच.

संध्याकाळी वाचन होतं, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. तिथं रोज पोथी लागते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, बायका वाती वळतात. शनिवारची वेळ मंडळींनी पावण्याला दिली होती. कॅथलिक संन्याशाचा ग्रंथ मारुतीसमोर वाचला जातोय याचं मला फार अप्रूप वाटलं. पण तिथं तसं वाटणारी मी एकटीच होते. त्यांच्या लेखी पोथी ती पोथी.

वाचत होत्या वहिनी. त्यांचंच अक्षर, त्यांना सोपं. सर शेजारी मांडी घालून, डोळे मिटून. प्रश्न होता: ज्यानं क्षमा मागितली नाही त्याला क्षमा करावी काय?

पहिल्या आक्षेपाला मंडप हसला. दुसऱ्याला माना डोलल्या. "त्यानं मागायच्या आधी तुम्ही देऊन मोकळं झालासा, तर त्याला कळणार कवा की आपलं चुकलंय?" वहिनींनी हे असं वाचलं की जणू समोरच कुणीतरी उभं आहे. मागून कुणीतरी "खरं हाय की" म्हणालं. शेवटच्या आक्षेपाला टाळ्या पडल्या.

मग वहिनींचा आवाज बदलला. शाळेत धडा वाचायला उभं केल्यासारखा. "उत्तर असे की, क्षमा म्हणजे अपराधाचा नकार नव्हे, तर वैरभावाच्या पहाऱ्यातून आत्म्याने करून घेतलेली स्वतःची मुक्तता होय. ज्याप्रमाणे वेढा उठल्यानंतरही तटावर उभा राहणारा प्रहरी..."

मी मंडपाकडे बघत होते. लोक उठून गेले नाहीत, फार सभ्य होते. पण वाती वळायला सुरुवात झाली. एका गृहस्थांनी मोबाइल काढला. पुढं बसलेल्या एका आजोबांचे डोळे मिटले आणि ते चिंतनात नव्हते. उत्तर संपलं तेव्हा टाळ्या झाल्या, कार्यक्रम संपला की होतात तशा.

ते उत्तर मला पाठ होतं, आणि ते सुंदर आहे. नागपुरात टेबलावर वाचताना मला दोन्ही बाजू सारख्याच तोलाच्या वाटल्या होत्या. ऐकताना एक बाजू माणूस होती आणि दुसरी परिपत्रक.

दत्तोबा चपला घालता घालता सरांजवळ आले, खुशीत.

"सर, पावण्यानं लई भारी मांडलं बघा. माझ्या मनातलं."

"ते पावण्याचं नव्हे, दत्तोबा. ते विरुद्ध बाजूचं."

"असंल की. पर जितलं कोण?"

घरी जाताना सरांनी वहिनींचा दंड धरला होता आणि रोजच्या वाटेवरही दोनदा ठेचकाळले.

रविवार, सकाळ आणि दुपार

सकाळी मी उठून आले तेव्हा वहिनी पाट्यावर खर्डा वाटत होत्या, गरजेपेक्षा बऱ्याच जोरात. सर ओट्याजवळ खुर्चीवर बसले होते. त्यांनी ठरवलं होतं की पुस्तक छापायचं नाही. समारंभापुरत्या थोड्या प्रती बांधून आल्या होत्या, बाकीची छपाई सोमवारी सुरू व्हायची होती, ती थांबवायची. उत्तरं पुन्हा करायची. सगळी.

त्यांनी मला शांतपणे सांगितलं. शाळेत तास संपताना सांगावं तसं. चूक त्यांच्या ध्यानात आली होती आणि ती फक्त त्यांच्याच हातून होण्यासारखी होती. ते शेतकऱ्याच्या घरात बोलीत वाढले आणि शाळेत मास्तर झाले. भांडायचं झालं की तोंडातून घरची भाषा यायची, शिकवायचं झालं की पुस्तकातली. त्यामुळे मात्तेओचे विरोधक भांडले आणि मात्तेओनं शिकवलं. ज्या माणसानं आयुष्यभर समोरच्याचा पक्ष आपल्याइतकाच जोरकस मांडला, त्याचा स्वतःचा पक्ष मराठीत आणताना सरांनी दुबळा केला होता.

"त्याला सातशे वर्षांनी मराठीत बोलायला मिळालं," सर म्हणाले, "आणि मी त्याला हरवून ठेवला."

वहिनींनी वरवंटा थांबवला. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुम्हीच ऐकून आलाय, त्या म्हणाल्या. वर्षभरानं आहे तेवढंही राहील की नाही ठाऊक नाही. पुस्तक हातात धरून बघायचं होतं ना तुम्हाला? मग कुणासाठी थांबायचं, त्या मेलेल्या फादरसाठी? आज सगळं गाव येणार, प्रमुख पाहुणे येणार, आचारी बसलाय, आणि ह्यांना आता सुचलं. त्यांचं बोलणं मी इथं फार मवाळ केलं आहे.

मी काहीतरी मध्यम मार्गाचं बोलायला तोंड उघडलं. प्रस्तावनेत एक खुलासा टाकता येईल, वगैरे. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं.

सर म्हणाले, खरी अडचण डोळ्यांची नाही. लिहायला बसलो तरी उत्तर आपल्याला त्या भाषेत येतच नाही. भांडण येतं. समजूत येत नाही. आपली ती भाषाच नव्हे समजुतीची.

वहिनी हात धुऊन त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आई गेली माझी, तवा रातभर माझ्याजवळ बसलासा," त्या म्हणाल्या. "तवा पुस्तकातलं बोलला व्हतासा काय?"

सरांनी मान खाली घातली. बाहेर एक ट्रॉली गाणं वाजवत गेली. मग वहिनींनी कपाटावरून पेन घेतलं, चष्मा लावला आणि पाट ओढून बसल्या.

"सांगा. मी लिहितो. आचाऱ्याला भाजी कुठली करायची ते तेवढं बाई सांगतील."

बाई म्हणजे मी. आचाऱ्यानं मला एकदा पाहिलं, ओळखलं, आणि जे करायचं ते केलं. आतून सरांचा आवाज येत होता. ते अडखळत होते, वाक्य मोडत होते, वहिनी "असं कोण बोलतं" म्हणून खोडत होत्या. प्रस्तावना लिहिलेली मी बाहेर कोथिंबीर निवडत बसले. माझ्या प्रस्तावनेतली काही वाक्यं त्या वेळी मला आठवली आणि निवडायला हातात काहीतरी आहे याचं बरं वाटलं.

रविवार, संध्याकाळ

समारंभ शाळेच्या पटांगणात होता. प्रमुख पाहुणे एका संस्थेचे माजी चेअरमन. सगळ्यांना फेटे बांधले, मलाही. माझा फेटा बोलताना डाव्या डोळ्यावर उतरायचा आणि टाळ्यांच्या वेळी उजव्या. आमच्याकडे सत्कार शालीवर निभावतो, इथं माणसाला आधी नवरदेव करतात आणि मग बोलू देतात.

पुस्तक लांबवल्याचं सरांनी आधीच पाहुण्यांच्या कानावर घातलं होतं. पाहुणे विचारात पडले. ग्रंथ, आशय, अनुवाद यांबद्दल नव्हे. फोटोग्राफर आला होता. शेवटी असा तोडगा निघाला की चकचकीत कागदाची फीत पाहुण्यांनी सोडायची, प्रत उंच धरायची, फोटो काढायचा, आणि मग सर्व प्रती सरांनी पिशवीत भरून घरी न्यायच्या. तसंच झालं. प्रकाशन निर्विघ्न पार पडलं, पुस्तक मात्र प्रकाशित झालं नाही. पाहुणे बोलताना म्हणाले की मात्तेओसाहेबांनी या मातीसाठी जे केलं ते पुढच्या पिढ्या विसरणार नाहीत. मी फेट्याआडून सरांकडे पाहिलं. ते मजेत होते.

मग ते उभे राहिले. भाषण करणार नाही म्हणाले. काल देवळात एकच बाजू नीट ऐकवली, चूक माझी, पावण्याची नव्हे, आज त्याची बाजू ऐका. कागद वहिनींच्या हातात होता, पण सरांना तो लागला नाही.

"उत्तर असं की," ते म्हणाले. "माफ केलं म्हंजे त्यानं काय केलंच न्हाय असं न्हवं. केलंय. वाईट केलंय. ते तसंच ऱ्हातंय. पर गावाला वेढा पडला, वेढा उठला, गनीम आपल्या घरला गेला. जेवून झोपला. आणि ह्यो एकटा अजून तटावर उभा हाय, भाला घेऊन, पावसात. आता मला सांगा, भिजतंय कोण?"

मी सवयीनं टाळ्यांची वाट बघत होते. त्या आल्या नाहीत.

दुसऱ्या रांगेत दत्तोबा बसले होते. गणपा पार मागं, फाटकाजवळ उभा होता, हे मला वहिनींनी कोपरानं दाखवलं. दत्तोबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग बसल्या जागेवरूनच बोलले.

"आन् मी उतरलो खाली, आणि त्यो परत आला, मग?"

"त्याचं उत्तर त्यानं लिवलं न्हाय," सर म्हणाले. "हितंच राहिलंय त्याचं."

"मग कालच्या पोथीचं काय? जितलं कोण?"

"तुम्ही सांगा की."

"आज मला येईना," दत्तोबा म्हणाले. "उद्या सांगतो."

नंतर जेवणं झाली. पांढरा रस्सा मी पहिल्यांदा खाल्ला. तांबड्यासारखा आरडाओरडा नाही, पण त्याच्यामुळेच तांबडा सोसतो. पाहुणे न जेवता पुढच्या उद्घाटनाला गेले.

सोमवार

माझी गाडी दुपारची होती. सकाळी बॅग भरून मी पडवीत बसले होते. मी सरांना सांगितलं की माझी प्रस्तावना परत द्या, मला ती पुन्हा लिहायची आहे. लहान. ते म्हणाले, घाई नाही, आम्हालाही वेळ लागेल. किती, ते कुणी बोललं नाही. वहिनी पाटावर बसल्या होत्या, कागद मांडीवर. सरांचा चेहरा खिडकीकडे, जिथून त्यांना बहुधा फक्त उजेड दिसत असावा.

बावड्यात नळाला पाणी सकाळी येतं आणि आलं की सगळ्या गल्लीला कळवलं जातं. नळ सुटल्याचा आवाज झाला. दत्तोबांच्या गोठ्यात बादली आपटली. एरवी हा माणूस पाण्याच्या वेळी सगळ्यांना नावानं हाका मारतो.

"पाणी आलंय," दत्तोबा म्हणाले.

नाव घेतलं नाही. मोठ्यानं म्हणालेही नाहीत. पण आवाज गल्लीच्या बाजूला गेला नव्हता, अंगणाच्या भिंतीकडे गेला होता.

वहिनींचं पेन थांबलं. सरांनी हात किंचित वर धरला, वर्गाला गप्प करताना धरतात तसा.

भिंतीपलीकडून घागर सरकवल्याचा आवाज आला. नंतर एक खोकला. नंतर, बऱ्याच वेळानं, "भरतोय."

एवढंच. म्हैस ओरडली, कुणाच्या तरी घरात रेडिओ लागला, नळ वाहत राहिला. मी वहिनींकडे पाहिलं, त्या कागदाकडे बघत होत्या. सरांनी हात खाली घेतला आणि घसा साफ केला.

"कुठवर आलतो आपण?"

"'उत्तर असं की'पतूर," वहिनी म्हणाल्या. "सांगा."